राज्याभिषेकाचा कप आणि हरलेला हिब्स

फुटबॉलमधले बहुतेक पराभव पुढच्या वर्षी भरून काढता येतात. लीग पुन्हा सुरू होते, कपच्या चिठ्ठ्या पुन्हा निघतात आणि मागच्या वर्षीचा हिशेब चुकता करायची संधी मिळते. पण एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून एकदाच भरवलेल्या स्पर्धेत जो हरतो, त्याला ही सवलत नसते. तो कप ज्याच्या कपाटात गेला, त्याच्याच कपाटात कायमचा राहतो.

स्कॉटलंडच्या हिबर्नियन क्लबच्या वाट्याला असा एक पराभव आला. एडिनबरा शहरातला हा क्लब तिथले लोक लाडाने ‘हिब्स’ म्हणून ओळखतात. २० मे १९५३ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क मैदानावर, १,१७,०६० प्रेक्षकांसमोर, कॉरोनेशन कप म्हणजे राज्याभिषेकाच्या कपाच्या अंतिम सामन्यात हिब्स सेल्टिककडून ०-२ असा हरला. त्या हंगामात हिब्स हा सेल्टिकपेक्षा कितीतरी सरस संघ होता. सेल्टिकला तर या स्पर्धेत बोलवायला हवे होते का, असाच प्रश्न अनेकांना पडला होता.

सत्तर वर्षांपूर्वीचा, सातासमुद्रापलीकडचा हा सामना आम्ही वाचकांसमोर का मांडतो आहोत? हे दोन्ही क्लब परक्या मुलखात पोट भरायला आलेल्या एका गरीब अल्पसंख्य समाजाने उभे केले होते. कोणाला आत बोलावले जाते, कोणाला दारातच थांबवले जाते आणि आत गेल्यावर माणूस काय करतो, हे प्रश्न त्या समाजालाही होते. ते आपल्या घरांतही आहेत.

आठ संघ, एक कप

राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी लंडनमध्ये होणार होता. त्यानिमित्त मे महिन्यात ग्लासगोत ही स्पर्धा ठेवली गेली. इंग्लंडचे चार आणि स्कॉटलंडचे चार संघ बोलावले गेले. इंग्लंडकडून आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि न्यूकॅसल आले. त्यांतला आर्सेनल नुकताच इंग्लंडचा विजेता झाला होता. मँचेस्टर युनायटेडने १९५२ची आणि टॉटनहॅमने १९५१ची लीग जिंकली होती, तर न्यूकॅसलने १९५१ आणि १९५२ असा सलग दोनदा एफए कप उचलला होता. स्कॉटलंडकडून रेंजर्स, हिब्स, अॅबर्डीन आणि सेल्टिक असे चार संघ होते.

या यादीत हिब्सची जागा कोणीही नाकारू शकत नव्हते. १९४८, १९५१ आणि १९५२ अशी तीन वर्षे त्यांनी स्कॉटलंडची लीग जिंकली होती. गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉन्स्टन, लॉरी रिली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड या त्यांच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक ‘फेमस फाइव्ह’ म्हणत. या पाचांपैकी प्रत्येकाने हिब्ससाठी शंभराहून अधिक गोल केले.

१९५२-५३च्या लीगमध्येही रेंजर्स आणि हिब्स यांचे गुण सारखेच, ४३ होते. तेव्हा अशी बरोबरी झाली की केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत आणि येणाऱ्या सरासरीवर विजेता ठरवत. रेंजर्सने ८० गोल केले आणि ३९ खाल्ले, म्हणजे सरासरी दोनच्या थोडी वर. हिब्सने ९३ केले आणि ५१ खाल्ले, म्हणजे सरासरी दोनच्या खाली. विजेतेपद रेंजर्सला गेले. आजच्यासारखी नुसती वजाबाकी केली असती, तर हिब्सचे ४२ आणि रेंजर्सचे ४१ भरले असते आणि विजेतेपद हिब्सचे झाले असते. खेळ तोच, गोल तेच, फक्त हिशेबाची रीत वेगळी.

सेल्टिकची स्थिती उलट होती. सोळा संघांच्या त्या लीगमध्ये ते आठव्या क्रमांकावर होते. १९३८नंतर त्यांना लीग जिंकता आली नव्हती. त्यांना आमंत्रण मिळाले ते त्यांच्यामागे येणाऱ्या गर्दीमुळे. स्पर्धा ग्लासगोत, तिकिटे विकायची ग्लासगोत, मग ग्लासगोतल्या हजारो आयरिश वंशाच्या कुटुंबांचा लाडका संघ वगळून कसे चालेल? आयोजकांचा हा हिशेब गल्ल्याचा होता.

हॅम्पडेनवरचा तो सामना

पहिल्याच सामन्यात सेल्टिकने आर्सेनलला १-० असे हरवले. बॉबी कॉलिन्सने मारलेला कॉर्नर थेट गोलात गेला. मग उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडवर २-१ असा विजय मिळाला. ज्यांना केवळ गर्दीसाठी बोलावले होते, ते अंतिम सामन्यात येऊन उभे राहिले.

हिब्सची वाटही सोपी नव्हती. टॉटनहॅमशी पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवला गेला, तेव्हा हिब्सने २-१ने बाजी मारली. उपांत्य फेरीत न्यूकॅसलला त्यांनी ४-० असे झोडपले. याच न्यूकॅसलने आधीच्या फेरीत अॅबर्डीनला ४-०ने घरी पाठवले होते. अंतिम सामन्याआधी जाणकारांचा कौल कोणाकडे असेल, हे सांगायला नको.

पूर्वार्धात, साधारण अर्ध्या तासाच्या सुमारास, सेल्टिकच्या नील मोकनला गोलापासून सुमारे तीस यार्डांवर चेंडू मिळाला. मोकन मुळात डाव्या पायाचा खेळाडू. तो फटका त्याने उजव्या पायाने मारला आणि हिब्सचा गोलरक्षक टॉमी यंगर पाहत राहिला. मोकनला सेल्टिकने त्याच महिन्यात मिडल्सबरोकडून विकत घेतले होते. आपल्या नव्या क्लबच्या घरच्या मैदानावर एकदाही उतरण्याआधी त्याने दोन स्पर्धांची पदके मिळवली, त्यांतले हे दुसरे.

उत्तरार्ध जवळजवळ सगळा हिब्सचा होता. फेमस फाइव्ह लाटेसारखे येत राहिले. पण सेल्टिकच्या गोलात जॉन बॉनर उभा होता. फार उंच नसलेला, उंचावरून येणाऱ्या चेंडूंवर चाचपडतो म्हणून बोल खाल्लेला हा गोलरक्षक त्या संध्याकाळी जन्मात खेळला नसेल असा खेळला. बचावाच्या मध्यभागी कर्णधार जॉक स्टीन होता. एकेकाळी कोळशाच्या खाणीत काम केलेला, दीड वर्षापूर्वी वेल्समधल्या एका छोट्या क्लबातून राखीव खेळाडू म्हणून आणलेला. हिब्सचे हल्ले थोपवून धरले गेले आणि सामना संपायला काही मिनिटे उरली असताना जिमी वॉल्शने दुसरा गोल केला. २-०. कप सेल्टिकचा झाला आणि तो आजही त्यांच्याकडेच आहे.

त्या वर्षांत हिब्सच्या हातून निसटलेला हा पहिला कप नव्हता. १९४७च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात अॅबर्डीनने त्यांना हरवले होते आणि १९५०-५१च्या लीग कपमध्ये मदरवेलने. लीग जिंकणाऱ्या फेमस फाइव्हना एकत्र खेळून एकही मोठा कप उचलता आला नाही. वर्षभराच्या तीस सामन्यांत सरस संघ सहसा वर येतो. एका संध्याकाळच्या नव्वद मिनिटांत मात्र एक गोलरक्षक आणि चुकीच्या पायाचा एक फटका सगळे उलटेपालटे करू शकतो. हिब्सला हे तिसऱ्यांदा कळले.

एकाच कुळातले दोघे

या सामन्यात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोन क्लब एकाच कुळातले. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि गरिबीला कंटाळून आयर्लंडमधली हजारो कुटुंबे स्कॉटलंडमध्ये आली. ती कॅथलिक होती, स्कॉटलंडमधले बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट. कामे मिळाली ती कष्टाची आणि कमी मजुरीची, घरे मिळाली ती कोंदट गल्ल्यांत. एडिनबराच्या काउगेट भागात अशीच मोठी वस्ती होती. तिथल्या सेंट पॅट्रिक चर्चचे पाद्री कॅनन एडवर्ड हॅनन यांनी वस्तीतल्या तरुणांची संघटना चालवली होती. तरुणांनी दारूपासून दूर राहावे, वाचावे, एकत्र यावे, हा तिचा हेतू. याच तरुणांनी १८७५मध्ये हिबर्नियन क्लब काढला. मायकेल व्हेलाहान हा त्यांचा पहिला कर्णधार.

क्लब निघाला, पण फुटबॉल संघटनेने त्याला आत घेतले नाही. कारण असे सांगितले गेले की संघटना स्कॉटिश लोकांसाठी आहे, आयरिश लोकांसाठी नाही. हे तरुण त्याच शहरात राहत होते, त्याच शहरात राबत होते, तरी ते परके ठरले. अशा वेळी शहरातल्या हार्ट्स या क्लबने त्यांच्याशी मैदानात उतरायची तयारी दाखवली. २५ डिसेंबर १८७५ रोजी एडिनबराच्या मेडोज मैदानावर हिब्सचा पहिला सामना झाला आणि तो ते ०-१ने हरले. पण खेळायला मिळाले, हीच त्या दिवसाची कमाई. पुढे अर्जविनंत्या चालू राहिल्या, संघटनेचे दारही उघडले आणि १८८७मध्ये हिब्सने स्कॉटिश कप जिंकला.

त्या विजयानंतर ग्लासगोतल्या आयरिश लोकांनी हिब्सचा सत्कार केला. तुम्हीही असे काही करा, असा सल्ला हिब्सच्या मंडळींनी तिथे दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवक शिक्षकाच्या पुढाकाराने सेल्टिकची स्थापना झाली. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून चालवलेल्या उपक्रमाला पैसा हवा होता आणि तो सामन्यांच्या तिकिटांतून उभा करायचा होता. मे १८८८मध्ये सेल्टिकच्या मैदानाचे उद्घाटन झाले, तेव्हा हिब्सने तिथे येऊन सामना खेळला. काही महिन्यांतच सेल्टिकने हिब्सचे अनेक चांगले खेळाडू आपल्याकडे ओढून घेतले. थोरल्या भावाने धाकट्याचे बारसे केले आणि धाकट्याने थोरल्याच्या ताटातला घास उचलला.

हिब्स त्यातून कोलमडला. १८९१मध्ये क्लब बंद पडला. पण १८९२-९३मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि या वेळी एक महत्त्वाचा बदल झाला. केवळ कॅथलिक खेळाडूच घेण्याची जुनी अट काढून टाकली गेली. आपल्याला दारातच थांबवले गेले याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनी आपले दार मात्र सगळ्यांसाठी उघडले. सेल्टिकनेही पुढे हीच रीत ठेवली. १९५३चा त्यांचा कर्णधार जॉक स्टीन प्रोटेस्टंट होता.

कलकत्त्याचा एक खेळाडू त्याच दारात

सेल्टिकच्या या उघड्या दाराचा आपल्याशीही एक धागा जुळतो. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १८९१मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९३४मध्ये कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. मग १९३८पर्यंत सलग पाच वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. १९४०मध्ये मुंबईत येऊन त्यांनी रोव्हर्स कपही नेला.

या संघात मोहम्मद सलीम नावाचा खेळाडू होता. १९३६मध्ये ग्लासगोत राहणारा त्यांचा एक नातलग त्यांना तिकडे घेऊन गेला आणि सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांच्याकडे त्यांच्या चाचणीची विनंती केली. सलीम बुटांशिवाय खेळत. फक्त पायांना पट्ट्या गुंडाळून. मेलींनी त्यांना खेळवून पाहिले आणि संघात घेतले. सलीम यांनी सेल्टिकच्या दुसऱ्या संघाकडून दोन सामने खेळले. गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७-१ असा जिंकला. वर्तमानपत्रांत या अनवाणी पायांच्या जादूची चर्चा झाली. पण घरची ओढ लागली आणि ते परतले. त्यांना थांबवण्यासाठी क्लबने एका सामन्याच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा देऊ केला होता, तो त्यांनी सामन्याला येणाऱ्या अनाथ मुलांना द्यायला सांगितला, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जाते.

उपाशी मुलांच्या जेवणासाठी निघालेल्या क्लबच्या दारात कलकत्त्याचा खेळाडू गेला आणि आपला वाटा अनाथांना देऊन आला. सेल्टिकच्या इतिहासात आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

हिब्सचे पुढे काय झाले

१९५३चा कप हिब्सला परत मिळणार नव्हता. पण दोन वर्षांनी एक वेगळे आमंत्रण आले. फ्रान्सच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाच्या पुढाकाराने १९५५मध्ये युरोपातल्या क्लबांसाठी युरोपियन कप सुरू झाला. आजची चॅम्पियन्स लीग ती हीच. इंग्लंडच्या विजेत्या चेल्सीला तिथल्या लीगने भाग घेऊ दिला नाही. स्कॉटलंडमधून बोलावणे आले ते हिब्सला. त्या वर्षी स्कॉटलंडचा विजेता अॅबर्डीन होता आणि हिब्स लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर होता. पण हिब्सचे अध्यक्ष हॅरी स्वॅन यांना परदेशी संघांशी खेळायची पहिल्यापासून हौस होती आणि रात्रीच्या सामन्यांसाठी त्यांच्या मैदानावर दिवेही होते.

इथे १९५३चे चित्र बरोबर उलटे झालेले दिसते. तेव्हा आठव्या क्रमांकाचा सेल्टिक आत आला म्हणून भुवया उंचावल्या होत्या. आता पाचव्या क्रमांकाचा हिब्स आत होता. त्यांनी पहिल्याच सामन्यात जर्मनीच्या रॉट-वाइस एसेनला त्यांच्या घरी ४-० असे हरवले. पुढे स्वीडनच्या युरगोर्डेनला मागे टाकत ते उपांत्य फेरीत पोहोचले आणि तिथे फ्रान्सच्या रँसकडून हरले. युरोपियन कपमध्ये खेळलेला ब्रिटनमधला पहिला क्लब म्हणून इतिहासात नाव आहे ते हिब्सचे. ना सेल्टिकचे, ना मँचेस्टर युनायटेडचे.

त्या रात्री हॅम्पडेनवर हरलेली माणसेही तिथेच थांबली नाहीत. गॉर्डन स्मिथला १९५९मध्ये हिब्सने सोडून दिले. मग त्याने १९६०मध्ये हार्ट्सबरोबर आणि १९६२मध्ये डंडीबरोबर लीग जिंकली. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून स्कॉटलंडचा विजेता, तोही रेंजर्स आणि सेल्टिक यांपैकी कोणाकडूनही न खेळता. एडी टर्नबुल पुढे हिब्सचा मॅनेजर झाला. जॉक स्टीनही १९६४मध्ये काही काळ हिब्सचा मॅनेजर होता. नंतर तो सेल्टिकला परतला आणि १९६७मध्ये त्याने त्यांना युरोपियन कप मिळवून दिला. ९ डिसेंबर १९७२ रोजी लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याच हॅम्पडेनवर टर्नबुलचा हिब्स आणि स्टीनचा सेल्टिक समोरासमोर आले. हिब्सने तो सामना २-१ने जिंकला. एकोणीस वर्षांपूर्वीचा कप परत आला नाही. पण त्या दिवशी हरलेला खेळाडू त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, दुसरा कप घेऊन घरी गेला.

स्कॉटिश कपची वाट मात्र फार लांबली. १९०२मध्ये सेल्टिकलाच हरवून जिंकलेला तो कप हिब्सला पुन्हा मिळाला २१ मे २०१६ रोजी, रेंजर्सवर ३-२ अशी मात करून, तीही भरपाई वेळेतल्या गोलावर. मध्ये ११४ वर्षे गेली. पणजोबांनी पाहिलेला कप पणतूने पाहिला.

आपल्या घरांसाठी

शाळेच्या संघाची यादी लागते, जिल्ह्याची निवड चाचणी होते, मुलाखतीचे बोलावणे येते किंवा येत नाही. आपल्या घरांत अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. नाव आले नाही तर, ‘आपल्याला कोण घेणार?’ आणि आले तर शेजारून, ‘याला घेतलेच कसे?’ दोन्ही वाक्यांचा मुलांच्या मनावर परिणाम होतो. पहिल्याने मूल प्रयत्न सोडते, दुसऱ्याने मिळालेल्या जागेचा त्याला संकोच वाटू लागतो.

अन्याय होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १८७५मध्ये हिब्सला दारात थांबवले गेले तो अन्यायच होता आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. पण त्या तरुणांनी सब्र धरला आणि त्या सब्रात हात बांधून बसणे नव्हते. जो खेळायला तयार झाला त्याच्याशी ते खेळले, हरले, पुन्हा अर्ज केला. कोण कशासाठी बोलावतो, हे आपल्या हातात नसते. सेल्टिकला गर्दीसाठी बोलावले, हिब्सला दिव्यांसाठी बोलावले. आत गेल्यावर दोघांनीही आपला खेळ दाखवला आणि मग आमंत्रणाचे कारण कोणी विचारले नाही.

जे चांगले खेळूनही हरतात, त्यांच्यासाठीही यात काही आहे. परीक्षेत अर्ध्या गुणाने हुकलेला मुलगा आणि अंतिम फेरीत हरून आलेली मुलगी यांना लगेच ‘पुढच्या वर्षी’ म्हणून समजावण्याची घाई करू नये. काही संधी खरोखर एकदाच येतात आणि गेल्या की गेल्या. ते दुःख खरे आहे, ते मान्य करावे, दोन दिवस त्यांना शांत बसू द्यावे. मग तिसऱ्या दिवशी बूट पुसून त्यांच्या हातात द्यावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यांतल्या मंडळांसाठी, क्लबांसाठी, वाचनालयांसाठी. अशा संस्था बहुधा आपल्या गरजेतून सुरू होतात. मुलांना वाईट संगतीपासून वाचवायचे असते, कोणाच्या जेवणाची, कोणाच्या फीची सोय करायची असते. त्यात गैर काही नाही. काउगेटच्या तरुणांनीही तेच केले. पण पुन्हा उभे राहताना त्यांनी अट काढून टाकली आणि शेजारच्यालाही संघात घेतले. आपल्या मैदानावर खेळायला आलेल्या शेजारच्या वस्तीतल्या मुलाला आपण काय सांगतो, याचा विचार या महिन्यात प्रत्येक मंडळाच्या बैठकीत व्हावा, एवढी आमची विनंती आहे.